जुळे सोलापूर: घरच्या शेडमध्ये फियाट ११०० डी पुन्हा चालू करायची आहे (मॉडेल १९७१)

रसायनताई
वडिलांची फियाट ११०० डिलाइट. ते गेल्यापासून गाडी वैरागच्या शेतावर कडब्याच्या शेडमध्ये उभी होती. आता टेम्पोत घालून जुळे सोलापूरला आणली आहे. घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, खाली कोबा, वर ट्यूबलाइट. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हात काळे करायला हरकत नाही, पण स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे अनुभव शून्य. रविवारी भाऊ मदतीला असतो.

अवस्था अशी: इंजिन जाम. ब्रेकचं पॅडल थेट जमिनीला टेकतं. टाकीला वार्निशसारखा वास. रेडिएटरच्या तोंडाशी पांढरट थर, नखाने खरवडला तरी निघत नाही. अर्धं वायरिंग उंदरांनी खाल्लंय. पत्रा मात्र नवल वाटावं इतका धड आहे, ड्रायव्हरच्या पायाखाली तेवढी दोन भोकं.

दोन गॅरेजमध्ये विचारलं. एक म्हणाला, हे इंजिन काढा, मारुतीचं बसवून देतो. दुसरा म्हणाला, आधी डेंटिंग-पेंटिंग उरकून घ्या, गाडी दिसायला लागली की पुढचं होतंच. इंजिन मला मूळचंच ठेवायचं आहे. दुसऱ्याचं म्हणणं थोडं पटतंय. तुमचं काय मत?

सात_रस्ता
कलर? नको की ओ ताई. सोलापुरात कलर करून झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या गल्लोगल्ली दाखवतो तुम्हाला. एकीचंही इंजिन चालू होत नाही. पैसा कलरमध्ये संपतो आणि मग घरचे विचारतात, अजून किती घालायचे? माझी पद्मिनी चार वर्षं प्रायमरवर फिरली, कोणी काही बोललं नाही.

गिरणी_फिटर
ताई, मी आयुष्यभर गिरणीत फिटर होतो, नंतर गाड्यांची कामं केली. कलर सगळ्यात शेवटी, आणि त्याला कारण आहे. ब्रेक ऑइलचा थेंब पडला की नवा कलर फुगून निघतो. फ्लोअरला वेल्डिंग करायचं म्हणजे ठिणग्या उडणार. इंजिन वर-खाली घेताना बॉनेटच्या कडेला साखळी लागणारच. म्हणजे दोनदा कलर.

माझ्या हातचा क्रम सांगतो. आधी गाडी थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग पेट्रोल स्वच्छ मिळालं पाहिजे. पळायचं नंतर बघू. लोक उलटं करतात. इंजिन सुरू झालं की आनंदात गेटबाहेर काढतात आणि ब्रेक नसलेली गाडी समोरच्याच्या कंपाउंडला नेऊन लावतात.

कामाला लागण्याआधी चार मजबूत स्टँड घ्या. गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. विटांवर तर अजिबात नाही, वीट फुटताना आधी सूचना देत नाही.

आता जाम इंजिन. सेल्फ मारू नका, धक्का देऊ नका, कोणी ट्रॅक्टरने ओढून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात ऑटोमॅटिक गिअरचं पातळ ऑइल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं, थोडं थोडं सोडा. ॲसिटोन तुमच्या प्रयोगशाळेत असेलच. शेडमध्ये तेव्हा विडी-काडी बंद. काही दिवस मुरू द्या, मधे मधे भर घाला. तोवर रॉकर कव्हर उघडून बघा, आठही वॉल (व्हॉल्व्ह) वर आलेले आहेत का. एखादा वॉल गाइडमध्ये अडकून खाली राहिला असेल आणि तुम्ही इंजिन फिरवलं, तर पुशरॉड, म्हणजे वॉल उघडणारी दांडी, वाकणार. अडकलेल्या वॉलच्या दांडीवर तेल सोडा, प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच टिचका मारा.

मग क्रँक पुलीच्या नटाला मोठा रिंग पाना लावा. पुढे अर्धा इंच, मागे अर्धा इंच. इथे जोर कामाचा नाही, चिकाटी लागते. सुटेल.

होटगी_नाका
काका, थेट हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढून मोकळं केलं तर? तेवढा वेळ वाचेल.

गिरणी_फिटर
काढता येईल, पण आत्ता कशाला? इंजिन फिरायला लागलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजता येतं आणि आत नेमकं काय बिघडलंय ते न उघडता कळतं. आधी तपासणी, मग ऑपरेशन.

रसायनताई
मनापासून आभार. कलर रद्द. रेडिएटरचं काय करू? ओळखीच्या एकाने सांगितलंय की कॉस्टिक सोडा गरम पाण्यात टाकून रेडिएटरमध्ये भरा आणि इंजिनसकट फिरवा, सगळा क्षार निघतो.

सात_रस्ता
आपल्या बोअरच्या पाण्याची कृपा. पाणी येतंय चार-पाच दिवसाआड, मग जो तो बोअरचंच पाणी ओततो रेडिएटरमध्ये. घरातल्या गिझरची कॉइल बघा, तेच तिथं झालंय. कॉस्टिक चालतंय की, सगळे रेडिएटरवाले तेच वापरतात.

रसायनताई
लिहिता लिहिता माझ्याच डोक्यात आलं. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आहे, पण हेड ॲल्युमिनियमचं आहे ना? मग कॉस्टिक अजिबात नको. सोडियम हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियमला अक्षरशः खातं, वर हायड्रोजन वायू सोडतं. रेडिएटरवाला सुटा पितळी रेडिएटर कॉस्टिकच्या टाकीत बुडवतो तेव्हा त्याचं काही बिघडत नाही. तेच पाणी इंजिनातून फिरवलं तर हेडमधल्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातील.

शिवाय तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. अल्कलीने तो विरघळतच नाही, त्याला आम्ल लागतं. कॉस्टिक ग्रीस आणि तेल काढतं, क्षार नाही. म्हणजे लिंबूसत्त्व, सायट्रिक ॲसिड. पाच टक्क्यांचं कोमट द्रावण, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं, ओतून टाकायचं, भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. ॲल्युमिनियमला तेही फार वेळ बरं नाही, म्हणून रेडिएटर सुटा करून आणि ब्लॉक हेड नसताना धुवायचा. बरोबर आहे का काका?

गिरणी_फिटर
बरोबर. आम्ही बॉयलरच्या नळ्यांना ॲसिडच देत होतो, कारण माहीत नव्हतं. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल डिस्का ठोकलेल्या असतात, त्या बदलून टाका. आतून गंजून त्याच सगळ्यात आधी फुटतात. आणि ड्रेनचा कॉक काढून वायर घाला, तळाशी चिखल बसलेला असेल.

रसायनताई
आणि पुढे साधं पाणी भरायचं नाही, हेही लिहून ठेवते. सोलापुरात पाणी गोठणार नाही म्हणून कूलंट कशाला, असं सगळे म्हणतात. पण बीड, ॲल्युमिनियम, पितळ आणि डाग लावलेलं शिसं-कथील, एवढे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडालेले. ही सरळ सरळ बॅटरी झाली आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं इथे कामाची आहेत, बर्फाचा प्रश्न नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

होटगी_नाका
थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका, मे महिन्यात गाडी गरम होणार नाही.

गिरणी_फिटर
हा सोलापुरी उपाय मी हजारदा ऐकला. थर्मोस्टॅट काढला की डिसेंबर-जानेवारीत इंजिन तापतच नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल साचतं, सिलिंडर झिजतो. गाडी गरम होते ती रेडिएटर बुजल्यामुळे, पट्टा सैल असल्यामुळे, टायमिंग मागे राहिल्यामुळे. ताई, थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाका, सोबत थर्मामीटर. उघडतो का आणि कितीला उघडतो ते बघा. त्याचा आकडा बहुतेक त्याच्यावरच ठोकलेला असतो.

आरटीओ_रांग
मधेच कागदाचं बोलतो, कारण शेवटी तिथंच अडतं. आरसी वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारस म्हणून ट्रान्सफर, मग मुदत वाढवणं. गाडी ५० वर्षांवरची आहे, म्हणून कोणी तरी व्हिंटेज नोंदणी सुचवेलच. २०२१ साली केंद्राने त्यासाठी वेगळे नियम केले. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेली मालिका, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं. पण त्या पाटीवर रोजचं फिरणं नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. तुम्हाला रविवारी अक्कलकोटला दर्शनाला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. इंजिन नंबर आणि चासी नंबर गंजला असेल तर सँडपेपर मारू नका, केरोसिनच्या फडक्याने पुसून आत्ताच फोटो काढून ठेवा. मारुतीचं इंजिन टाकलं असतं तर पुढचं वर्ष माझ्यासोबत रांगेत काढलं असतं तुम्ही.

पार्क_चौक
गाडी शेवटी आपल्याच गावची. वालचंद हिराचंद सोलापूरचे, ही गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी त्यांचीच.

सात_रस्ता
जन्म सोलापूरचा, १८८२चा. कारखाना मात्र कुर्ल्याला. आपल्याकडं नाव कॉलेजला आलं, गाड्या मुंबईत बनल्या. ताईंची ११०० डी म्हणजे फियाटच्या नावाने निघालेल्या शेवटच्यांपैकी. नंतर तीच प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. त्यामुळं पद्मिनीचे खूप पार्ट हिला बसतात, ही जमेची बाजू.

जुना_बाजार_पुणे
पार्टचं मी सांगतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. तोवर त्यांच्यासाठी पार्ट बनत होते, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून नवे-जुने दोन्ही मिळतात. किंगपिनचा (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीचा) सेट, बुश, व्हील सिलिंडर किट, क्लच प्लेट यांची चिंता नको. ११०० डीची खास ग्रिल, दिव्यांच्या कडा, मीटर हे मात्र जपा. ते तुटले की शोधत बसाल. प्रत्येक काढलेला स्क्रू पिशवीत, पिशवीवर नाव. फोटो काढण्यात कंजुषी नको.

एक सूचना. ब्रेकचं रबरी वॉशर किट जुन्या साठ्यातलं ‘ओरिजिनल’ म्हणून महाग देतील. रबर पाकिटातही म्हातारं होतं. ब्रेकमध्ये ताजं बनलेलंच घाला.

रसायनताई
इंजिन सुटलं! क्रँक पूर्ण फिरला. भावाने शेडमध्ये हलगी वाजवायची बाकी ठेवली. दोन एक्झॉस्ट वॉल अडकले होते, ते आधीच मोकळे केले होते. तेल बदलून, नवी बॅटरी लावून, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फवर कॉम्प्रेशन घेतलं. पहिला १२०, दुसरा ७०, तिसरा ६५, चौथा ११५ पौंड. काकांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकात चमचाभर तेल घालून पुन्हा घेतलं. एक आणि चार किंचित वाढले, दोन आणि तीन जवळजवळ तिथेच.

गिरणी_फिटर
छान, आता वाचा. तेल घातल्यावर आकडा चांगला चढला असता तर रिंग झिजल्यात असं म्हटलं असतं, कारण तेल रिंगच्या फटी बुजवतं. चढला नाही, म्हणजे हवा वरून जातेय. एखादाच सिलिंडर असता तर वॉलवर संशय. शेजारचे दोन एकदम पडलेत, तर दोन-तीनच्या मधल्या भिंतीवर हेडचं पॅकिंग जळलंय. पैज लावतो. हेड काढावं लागणार, पण पिस्टनला हात लावायची गरज बहुतेक नाही. मोठा खर्च वाचला.

हेड स्टडला चिकटलेलं असणार. पेचकस घालून उचकटायचं नाही, ॲल्युमिनियमवर कायमचा ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच गळतं. स्टडच्या मुळाशी रोज तेल सोडा. रॉकरचा शाफ्ट काढा, म्हणजे सगळे वॉल बंद होतील. मग पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी आत भरा, टोक बाहेर ठेवा, आणि पानाने क्रँक हळूच वर आणा. पिस्टन दोरीला दाबतो, दोरी हेडला उचलते. लोखंड कुठेच लागत नाही. सुती दोरीची सोलापुरात टंचाई नाही.

रसायनताई
दोरीचा उपाय जादूसारखा चालला. पैज तुम्ही जिंकलात, दोन आणि तीनच्या मधे पॅकिंग कोळसा. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखाला जाणवेल अशी कड अगदी नाममात्र. हेडवर स्टीलची पट्टी ठेवून फीलर गेज घातला, मध्यभागी ०.१५ मिलिमीटरची फट. किती चालते?

गिरणी_फिटर
०.०५ पर्यंत मी डोळेझाक करतो. ०.१५ म्हणजे फेसिंग, मशीनवर हेडचा तळ सपाट करून घेणं. हे घरी होत नाही, काचेवर सँडपेपर चिकटवून घासायचा उद्योग करू नका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमची कामं करणारे जुने टर्नर आहेत, त्यांच्याकडे सरफेस ग्राइंडर असतो. सांगताना ‘सपाट होईल तेवढंच काढा’ एवढं स्पष्ट सांगा. जास्त काढलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोके देतं. त्यातच एक्झॉस्टच्या सीट बघून घ्या. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा लेप सीटला वाचवायचा. २००० सालापासून देशात शिसंवालं पेट्रोल बंद आहे. सीट खोल गेली असेल तर कडक पोलादाच्या रिंग बसवून घ्या. वॉल मात्र तुम्ही स्वतः घासा, पेस्ट लावून, रबरी चोखणीच्या काठीने. ते काम हाताला कळतं. झाल्यावर हेड उलटं ठेवून वॉलभोवतीच्या खोलगट जागेत पेट्रोल ओता, खाली पाझरलं नाही तर पास.

बसवताना नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पाना घेऊन, तीन टप्प्यांत. एकदा गाडी तापली की पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा एकदा आवळा.

होटगी_नाका
टाकीचं काय केलं ताई? आमच्याकडे एकाने वेल्डिंगने भोक बुजवायला घेतली…

रसायनताई
टाकीजवळ आग येणारच नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, आत साखळी टाकून हलवली, गंज बराच निघाला. बारीकसारीक कंसांचा आणि बोल्टचा गंज इलेक्ट्रोलिसिसने काढतेय. प्लास्टिकची बादली, धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, वस्तू ऋण टोकाला, धन टोकाला साधं लोखंड. स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी षटसंयुजी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा.

पेट्रोलबद्दल माझीच शंका. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, पण माझ्या गाडीच्या रबराला ते मानवेल का?

सात_रस्ता
नाही मानवणार. माझ्या पद्मिनीच्या पंपाचा पडदा फुगून सुरकुतला. जुन्या काळ्या नळ्या आतून चिकट होतात, कचरा थेट सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये. सगळ्या नळ्या व्हिटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) घ्या, पंपाला इथेनॉल चालणारा पडदा घ्या, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावा. सुरुवातीला तो रोज बघा, इथेनॉल टाकीतला जुना राळ सोडवून आणतं. मिश्रण थोडं पातळ पडतं, तेव्हा मेन जेट एक नंबर मोठा बघा, प्लगचा रंग बघून ठरवा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून घ्या, ते हवेतलं पाणी ओढतं.

मे महिन्यात दुपारी गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू होत नसेल तर पंपात वाफ झालीय. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं रसवंतीवर बसा. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब वळवली की निम्मा त्रास जातो.

गिरणी_फिटर
ब्रेकचं राहिलंय. हिला चारही चाकांना ड्रम. उघडल्यावर धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर होनिंग (आतून घासणं) करून भागवू नका, नवा घ्या. मास्टर सिलिंडर एकच सर्किट चालवतो, एक नळी फुटली की चारही चाकं गेली. म्हणून लोखंडी नळ्या आणि रबरी होज सगळे नवे. ब्रेक ऑइल डॉट ३ दर्जाचं. इंजिन ऑइलचा थेंबही नको, रबर फुगून ब्रेक पकडून बसतो. एअर काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं.

रसायनताई
हेड बसलं, ब्रेक झाले, पॅडल आता वरच्या वर दगडासारखं लागतं. पॉइंटचा गॅप ०.४५ मिलिमीटर ठेवला, टायमिंग बल्ब लावून जुळवलं, फायरिंगचा क्रम १-३-४-२ तपासला. काल चालू झाली. ऑइल प्रेशरचा दिवा विझला, धूर सुरुवातीला पांढरा, मग साफ. टॅपेटचा आवाज आहे. तेल कुठलं ठेवू?

गिरणी_फिटर
२०डब्ल्यू-५० मिनरल. आजच्या गाड्यांचं पाण्यासारखं सिंथेटिक नको, त्यात जस्त कमी असतं, या कॅमला ते लागतं. आत्ताचं तेल थोडं चालवून लगेच ओतून टाका, सगळा जुना गाळ त्यात येतो. टॅपेट हेड दुसऱ्यांदा आवळल्यानंतर सेट करा, आधी केलं तर पुन्हा करावं लागेल. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल मागा. दुकानदार जीएल-५ ‘त्याहून भारी’ म्हणून देतो, त्यातल्या गंधकाने पितळी सिंक्रो रिंग खराब होतात. किंगपिनच्या निपलना ग्रीस, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

जुना_बाजार_पुणे
गेटबाहेर काढण्याआधी टायर बघा. नक्षी भरपूर असेल, त्यावर जाऊ नका. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचं. साइज ५.२०-१४, ट्यूब आणि पट्टीसकट घ्या.

रसायनताई
तीन आकडे आहेत. चारही टायरना. उद्याच मागवते.